खिळ्यावरच्या पिशव्या

"खिळ्यावरची पिशवी खोटं बोलत नाही," बिभीषण पालवे एकदा म्हणाला होता.

सावेडीतल्या कचेरीत नव्या पोरापोरींचं प्रशिक्षण चाललं होतं, तेव्हाची ही गोष्ट. कारखान्यात किती माणसं कामाला आहेत हे कसं विचारायचं, रजिस्टर कसं बघायचं, मालकानं टाळाटाळ केली तर काय करायचं, हे सगळं पडद्यावर दाखवून झालं होतं. मग कुणीतरी मागच्या खुर्चीकडे वळून म्हणालं, काका, तुम्ही सगळ्यात जुने, तुम्ही दोन शब्द सांगा. बिभीषण उठला, हे एक वाक्य बोलला आणि बसला. पोरं हसली. एकीनं मात्र ते वहीत लिहून घेतलं, आणि ते लिहिताना तिच्या पेनचा झालेला बारीक आवाज त्याला पुढं कित्येक दिवस आठवत राहिला. आपलं बोलणं कुणी लिहून घ्यावं, असं त्याच्या आयुष्यात फार वेळा झालेलं नव्हतं.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. जिल्ह्यातले चौसष्ट कारखाने त्याच्या यादीत होते. नागापूरचे, सुप्याचे, एकदोन श्रीरामपूरकडचे. दर महिन्याला तिथं किती माणसं कामावर आहेत, एवढा एकच आकडा त्यानं आणायचा. यादीतला प्रत्येक कारखाना दुसऱ्या डझनभर कारखान्यांच्या वतीनं बोलतो, असं वरच्या लोकांचं गणित होतं. त्यामुळं बिभीषणनं एक माणूस लिहिला की वर बारा व्हायचे. सगळ्या आकड्यांची मिळून शेवटी एक रेघ निघायची. रेघ वर चढली की जिल्हा चाललाय असं समजायचं, खाली आली की दम लागलाय. बँका ती रेघ बघायच्या, पुढारी बघायचे, वर्तमानपत्रं बघायची. आणि त्या रेघेच्या बुडाशी, एसटीच्या खिडकीत, मांडीवर टॅब आणि पायात झिजलेल्या चपला, असा हा चौपन्न वर्षांचा माणूस बसलेला असायचा.

तो मूळचा तिसगावचा. आईबाप दर साल ऊसतोडीला जायचे, त्यांच्याबरोबर हाही जायचा. मुकादमाची मोजणी नेहमी कमी भरायची, म्हणून आई गाडीवर मोळी टाकायची आणि हा धुळीत एक खडा ठेवायचा. मोजणं त्याला तिथं लागलं. पुढं शाळा, तुटकतुटक कॉलेज, आणि मग जे जे म्हणून मोजायचं निघालं ते ते मोजायला हा. माणसं, गुरं, विहिरी, शौचालयं, पोलिओचे डोस. बावीस वर्षं झाली. आता पुण्याच्या एका एजन्सीचा तो कंत्राटी माणूस होता. दर अकरा महिन्यांनी त्याला नेमणुकीचं नवं पत्र यायचं आणि दर वेळी त्यात त्याच्या नावाचं स्पेलिंग निराळं असायचं.

बायको रंगुबाई सात वर्षांपूर्वी काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. रंगुबाई होती तेव्हा तो ताटातल्या भाकरीवरचे फोडसुद्धा मोजत बसे आणि ती म्हणायची, "झालं असंल मोजून तर जेवा." ती गेल्यावर तसं म्हणणारं कुणी राहिलं नाही. केडगावातली एक खोली, खानावळीचा डबा, भिंतीवर एजन्सीचं कॅलेंडर. रविवारी तो गच्चीवर उभा राहून हायवेवरून जाणाऱ्या गाड्या मोजायचा आणि दीडशेच्या आसपास कुठंतरी सोडून द्यायचा.

पिशव्यांची युक्ती त्याला गरजेनं सुचली. नागापूरच्या वसाहतीत हिंडलेल्या कुणालाही ठाऊक आहे की तिथल्या निम्म्या शेडांत एकोणीसच माणसं असतात. वीस झाली की प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा लागतो, म्हणून विसावा माणूस कुणाकडंच नसतो. राधाकृष्ण शेठ नावाचे एक फॅब्रिकेशनवाले होते, त्यांच्याकडं दर महिन्याला हेच चालायचं.

"किती माणसं, शेठ?"

"एकोणीस."

"गेल्या महिन्यात?"

"एकोणीस."

"दोघं सोडून गेले म्हणत होता मागं."

"दोन गेले, दोन आले. देवाची कृपा."

"खिळ्यावर सव्वीस पिशव्या आहेत."

शेठनं मान वळवून भिंतीकडं बघितलं, जणू ती भिंत त्यांची नव्हतीच. "सात जण दोन दोन डबे आणतात, काका. लोखंडाचं काम. लई भूक."

दोघंही हसले. मग शेठ आवाज खाली आणून म्हणाले, "हे जातं कुठं पण?"

"तुमचं नाव जात नाही. नुसता आकडा जातो."

"मग लिहा सव्वीस."

हर एक शेडात आत शिरल्यावर उजव्या हाताला एक लांब फळी ठोकलेली असते, तिला ओळीनं खिळे. कामाला आलेला माणूस आधी तिथं डब्याची पिशवी अडकवतो, मग मशीनकडं वळतो. पगाराच्या कागदावर नाव नसलेला माणूससुद्धा जेवतोच, आणि जेवणारा माणूस डबा आणतोच. बिभीषण त्या फळीपुढं उभा राहायचा. साड्यांच्या दुकानाची पिशवी, शिर्डीच्या प्रसादाची पिशवी, खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, लेकीनं टाकून दिलेलं दप्तर. एकेका पिशवीवरून त्याला एकेक घर दिसायचं; गाठ कुणी मारली असेल, भाजीला काय असेल. त्या घरांत त्याला कुणी ओळखत नव्हतं. पण महिन्यातून एकदा तो त्या सगळ्यांच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन यायचा, एवढं मात्र खरं.

यंदाच्या उन्हाळ्यात सुप्याच्या वसाहतीत एक नवं शेड त्याच्या यादीत आलं. गाड्यांच्या सुट्या भागांना रंग चढवायचं काम. रस्त्याच्या पलीकडं, अगदी समोर, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेसचं जुनं शेड होतं, ते यादीत पहिल्यापासूनच होतं. जुन्या शेडाला तो महिन्याच्या सुरुवातीला सकाळी जायचा. नव्या शेडाचा मालक दुसऱ्या पाळीलाच भेटायचा, म्हणून तिथं आठवडाभरानं, चार वाजल्यानंतर. जुन्यात एक्केचाळीस पिशव्या, त्या गेल्या वर्षीही तेवढ्याच होत्या. नव्यात अडतीस. अडतीसचे वर साडेचारशे झाले. बाकी जिल्हा होता तिथंच होता, पण ह्या साडेचारशेंनी रेघ उचलली. दसऱ्यानंतर वर्तमानपत्रात तिचं चित्र आलं, वरती मोठ्या अक्षरांत, की सुपा परिसरात कारखान्यांतला रोजगार वाढला.

बिभीषणनं ते कापून घेतलं. चढणाऱ्या रेघेचं टोक होतं तिथं त्यानं बोट ठेवून बघितलं. इतकी वर्षं मोजून त्याला पहिल्यांदा असं वाटलं की हे टोक आपलं आहे.

आणि त्याच भरात त्यानं तिसगावला बहिणीला फोन लावला. बायडाबाईचा लेक भागवत आणि सून मोनिका, दोघंही चार वर्षं ऊसतोडीला जात होते. नवरा-बायकोची जोडी तोडीत एक कोयता म्हणून धरतात. ह्यांचा कोयता बजरंग मुकादमाच्या टोळीत होता. दिवाळी झाली की टोळी निघायची.

"बायडे, यंदा पोरांना पाठवू नको," बिभीषण म्हणाला. "सुप्याला काम वाढलंय."

"कुनी सांगितलं?"

"मीच मोजलंय की."

बायडाबाईनं भावाच्या शब्दावर पोरांना थांबवलं. भागवतनं मुकादमाची उचल घेतली नाही. टोळी त्यांच्याशिवाय गेली आणि दिवाळीच्या दुसऱ्या आठवड्यात भागवत आणि मोनिका दोन गाठोडी, एक परात आणि तवा घेऊन केडगावच्या त्या खोलीत आले.

आल्या दिवशी मोनिकानं खोलीकडं एकदा बघितलं आणि विचारलं, "मामा, हातोडी हाय का?"

"कशाला?"

"कामाला जायचं म्हनल्यावर पिशवी खिळ्याला नको का?"

दाराजवळच्या भिंतीत तिनं ओळीनं तीन खिळे ठोकले. एक भागवतचा, मधला मामांचा, एक तिचा, कारण पॅकिंगला बायाही घेतात असं तिनं ऐकलं होतं. खानावळीचा डबा तिनं दुसऱ्याच दिवशी बंद करायला लावला. "त्या आमटीत कांदा शोधायला बी मोजनी अधिकारी लागंल," असं म्हणाली. बिभीषण हसला आणि हसल्यावर त्याला आपलाच आवाज अनोळखी वाटला. सात वर्षांत त्या खोलीत कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं.

भागवत रोज सातच्या जीपनं सुप्याला जायचा. नव्या शेडाच्या फाटकावर लेबर कंत्राटदाराचा माणूस बसायचा. तो नाव लिहून घ्यायचा आणि म्हणायचा, उद्या ये. दुसऱ्या दिवशी परत नाव लिहून घ्यायचा. भागवतनं दुसरी चार फाटकं केली, तिथंही तसंच. एका ठिकाणी आयटीआयचा कागद मागितला. एका ठिकाणी तीन दिवस माल उतरवून घेतला आणि चौथ्या दिवशी काम संपलं. मोनिकाला पॅकिंगवाल्यांनी फोन नंबर मागून घेतला, फोन आला नाही. दुपारी बाराच्या सुमाराला भागवत फाटकासमोरच्या बाभळीखाली बसून डबा खायचा आणि संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन परत यायचा. ती पिशवी रोज कामाला जायची, पण कुठल्या फळीवर चढायची नाही.

"निघंल काम," बिभीषण म्हणायचा. "वाढतंय. आकडा खोटा नाही."

"तुमी हायेत म्हनून तर आलो मामा," भागवत म्हणायचा आणि कूलरची सैल झालेली वायर पिळत बसायचा. बारा दिवसांत त्यानं खोलीतलं सगळं नादुरुस्त दुरुस्त केलं होतं. आता दुरुस्त करायलाही काही उरलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्ट्यांनी त्या महिन्याची फेरी मागं पडली होती. म्हणून एका मंगळवारी बिभीषणनं सुप्याची दोन्ही शेडं एका दिवसात उरकायची ठरवली. सकाळी दहाला तो जुन्या शेडात गेला. एक्केचाळीस. त्यात एक पिशवी त्याच्या डोळ्यांत भरली. शाळेच्या निळ्या चौकटीच्या गणवेशाची शिवलेली, पुढं खिसा तसाच ठेवलेला, आणि खिशावर जिथं शाळेचा बिल्ला उसवून काढला होता तिथं गडद निळा गोल राहिलेला. ऊन लागलं नव्हतं तेवढीच जागा. लेक वरच्या वर्गात गेली असेल, तो मनाशी म्हणाला, किंवा शाळा सुटली असेल.

दिवसभर त्यानं वसाहतीतली बाकीची कामं केली. साडेचारला रस्ता ओलांडून नव्या शेडात शिरला, फळीपुढं उभा राहिला आणि सवयीनं बोट उचललं. एक, दोन, तीन. सातव्या खिळ्यावर निळ्या चौकटीची पिशवी होती. खिशावर गडद गोल.

त्याचं बोट तिथंच राहिलं. मग त्यानं बाकीच्या पिशव्यांकडं बघितलं, मोजण्यासाठी नव्हे, नुसतं बघितलं. शिर्डीची पिशवी. खताची गोणी. कानाला सुतळी बांधलेलं दप्तर. सगळ्या सकाळच्याच होत्या. सकाळच्यातल्या तीन तेवढ्या इथं नव्हत्या.

पिशवीचा मालक रंगाच्या भट्टीजवळ भेटला. सूर्यभान त्याचं नाव, शेवगावकडचा. डोळे लाल, भुवयांवर रंगाची पांढरी भुकटी.

"सकाळी समोर होता ना तुम्ही?"

"व्हय."

"आणि आता इथं?"

"व्हय. चारला तिकडचा भोंगा झाला की हिकडं येतो. रातच्याला बारापोत." सूर्यभानला त्यात विचारण्यासारखं काही वाटत नव्हतं. "कंत्राटदार एकच हाय दोन्हीकडं. नवी मानसं कशाला शिकवत बसतोय त्यो? आमालाच ढकलतो. तिघं न्हाई येत, म्हातारी हायेत."

"दर महिन्याला असंच?"

"श्येड उघडल्यापास्नं. का ओ साह्यब, तुमी मोजलं का काय दोनदा?" तो हसला. हसताना भुवईवरची भुकटी गालावर उतरली. "मंग एक डाव मानूस मोजा, एक डाव भूत. दुपारच्यानंतर आमी भूतच असतो."

बिभीषण बाहेर आला. फाटकासमोर बाभळीखाली भागवत नव्हता, जीपनं गेला असावा. खाली भाकरीचा एक तुकडा पडला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. तो बराच वेळ त्या मुंग्यांकडं बघत राहिला आणि एकही मुंगी त्यानं मोजली नाही.

दुसऱ्या दिवशी तो सावेडीला गेला. पूजा मॅडम त्याच्या वरच्या. वय तिशीचं, चहा स्वतः करून देणाऱ्या, कुणावर आवाज न चढवणाऱ्या. त्यानं सगळं सांगितलं. चूक माझी आहे, म्हणाला, सहा महिने मी अडतीस माणसं दोनदा लिहिली. वरचे साडेचारशे खोटे आहेत. ते काढून टाका आणि जे काय करायचं ते माझं करा.

पूजा मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ड्रॉवरमधून सूचनांची पुस्तिका काढली आणि चौथं पान उघडून त्याच्यापुढं सरकवली.

"काका, वाचा."

त्यानं ते पान शंभरदा वाचलं होतं. तरी परत वाचलं.

"आपण माणसं मोजत नाही," पूजा मॅडम म्हणाल्या. "आपण नोकऱ्या मोजतो. एक माणूस दोन ठिकाणी कामाला असेल तर त्या दोन नोकऱ्या झाल्या. सगळीकडं असंच मोजतात, हे आपलंच आहे असं नाही. कारखान्याला विचारलं की तो आपल्याकडच्या जागा सांगणार. त्या जागेवरचा माणूस सकाळी कुठं होता, हे त्याला काय माहीत?"

"पण माणसं तीच आहेत मॅडम. नवं कुणीच लागलं नाही."

"खरंय."

"मग रेघ वर कशी गेली?"

"नोकऱ्या वाढल्या म्हणून." त्यांनाही ते बोलताना बरं वाटलं नसावं, कारण त्यांनी उगाच टेबलावरचा पेन उचलून दुसरीकडं ठेवला. "काका, तुमचा आकडा बरोबर आहे. चुकीचा असता तर मी आत्ता दुरुस्त केला असता."

बिभीषण जिन्यावरून खाली उतरला. चूक असती तर बरं झालं असतं. चुकीला खोडरबर असतं, दुरुस्तीचा अर्ज असतो, खाली सही असते. बरोबर आकड्याचं काय करायचं, हे त्या पुस्तिकेच्या कुठल्याच पानावर नव्हतं. बावीस वर्षं तो माणसं मोजतोय असं समजत होता. आई मोळी टाकायची आणि तो खडा ठेवायचा, तेव्हासुद्धा कुणी आई मोजत नव्हतं.

घरी जाऊन भागवतला सांगायचं, असं त्यानं एसटीतच ठरवलं होतं. की बाबा, तिथं जागा नाही, मी सांगितलं ते तसं नव्हतं, तू फाटकावर उभा राहू नकोस. दार उघडलं तर खोलीत बाजरीच्या भाकरीचा वास भरला होता. मोनिका परातीपुढं बसली होती आणि भागवत तिला कुठल्यातरी फाटकावरच्या वॉचमनची नक्कल करून दाखवत होता. "या मामा," दोघं एकदम म्हणाले. भिंतीवर दोन पिशव्या होत्या आणि मधला खिळा त्याची वाट बघत होता.

उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं.

उद्याही वास तसाच होता. परवाही. तो रोज सांगायचं ठरवून जिना चढायचा आणि ताटावर बसला की गप्प व्हायचा. एकदा त्यानं भाकरीवरचे फोड मोजले आणि मोनिका म्हणाली, "काय मोजताय मामा? खा की." त्या रात्री तो अंथरुणात पडून राहिला आणि आपण काय करतोय हे त्याला अगदी स्पष्ट दिसलं. दोन तरणी माणसं तो खोटं न बोलता अडवून धरत होता. तरी दुसऱ्या दिवशी तो बोलला नाही.

मग एका गुरुवारी, दिवेलागणीला, बजरंग मुकादमाचा फोन आला. सांगलीकडच्या फडावर एका जोडीतली बाई आजारी पडली होती, ती जोडी गावाकडं निघाली होती. एक कोयता मोकळा झाला होता. तिसगावातून उद्या दुपारी जीप सुटणार होती. "व्हय का न्हाई, आत्ता सांग," मुकादमाचा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू येत होता. "न्हाईतर बीडाची जोडी तयार हाय."

"अर्ध्या तासात सांगतो, दादा," भागवत म्हणाला आणि फोन मांडीवर ठेवून बिभीषणकडं वळला.

"मामा, तुमी सांगा. महिना काढला तसा अजून एक काढू. तिकडं जायाचं मन न्हाई माझं. हिचे हात बगा, कुसळानं कसे झालेत ते. पर हितं काम निघंल का? तुमचा आकडा काय म्हनतोय?"

एक शब्द पुरला असता. वाढतोय. तो शब्द खराही होता, चौथ्या पानाच्या हिशेबानं. तो म्हटला की पुढचा एक महिना ह्या खोलीत भाकरीचा वास राहणार होता. बिभीषणनं भिंतीकडं बघितलं. तीन खिळे. तिसऱ्यावरच्या पिशवीत अजून एकदाही डबा भरला गेला नव्हता.

"भागवत," तो म्हणाला, "तिथं माणसं घेतली नाहीत रे कुणी."

आणि त्यानं सगळं सांगितलं. निळ्या चौकटीची पिशवी, खिशावरचा गोल, सूर्यभान, चारचा भोंगा, सावेडीतलं चौथं पान. भागवतला आधी उमजलं नाही.

"म्हंजी नव्या श्येडात मानसंच न्हाईत?"

"आहेत. जुन्या शेडातली."

"मंग त्यो फाटकावरचा रोज माझं नाव का लिवून घेत हुता?"

"त्यालाही काहीतरी लिहावं लागत असेल."

भागवत हसला. खरोखरच हसला, मांडीवर थाप मारून. "लई भारी. म्हंजी मी ज्या जागंसाठी हुबा हुतो, तिथं सूर्यभान हाय. आन् सूर्यभान जिथं हुता, तिथंबी सूर्यभानच."

मोनिका हसली नाही. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, कड दाबली. "तिकडं आमाला दोघं मिळून एक धरतेत," ती तव्याकडं बघत म्हणाली. "हितं एकाचे दोन करतेत. मामा, आमी दोघं तुमच्या मोजनीत कुठं बसायचं?"

बिभीषण ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"कवा कळलं हे तुमाला?"

"मागच्या मंगळवारी."

तिनं मनातल्या मनात मोजलं असावं, कारण तिचे ओठ हलले. "नऊ दिस," ती म्हणाली. "नऊ दिस ह्ये जीपनं जात हुते."

"मोने, जाऊ दे," भागवत म्हणाला.

"का न्हाई सांगितलं, मामा?"

तव्यावर भाकरी फुगली होती. तिच्या वाफेपलीकडं मोनिकाचा चेहरा नीट दिसत नव्हता. बिभीषणची नजर भाकरीवर होती, मग परातीवर, मग दाराशेजारच्या खिळ्यांवर, आणि तिथून ती हलली नाही. मोनिकानं त्याच्या नजरेमागं नजर नेली. मग तिनं भाकरी काढून त्याच्या ताटात टाकली.

"जेवून घ्या," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग राहिला नव्हता, आणि ते त्याला रागापेक्षा जड गेलं.

भागवतनं मुकादमाला फोन लावला. "व्हय दादा. येतो."

सकाळी गाठोडी दाराशी बांधून ठेवलेली होती. तवा आणि परात एका पोत्यात. शेजारच्या राहीबाई दारात येऊन विचारून गेल्या, एवढ्यात चालले का. दोन बाजूचे खिळे मोकळे होते. मोनिकानं ते उपटले नव्हते. मधल्या खिळ्यावर बिभीषणची पिशवी होती, रोजच्यासारखी भरलेली, रोजच्यापेक्षा जड दिसत होती.

त्याला श्रीरामपूरकडच्या दोन कारखान्यांची फेरी होती. एसटी साडेसातची. ती चुकवता आली असती, पण ह्या दोघांना तिसगावच्या गाडीत चढताना बघायचं त्याच्यानं झालं नसतं.

भागवत वाकून पाया पडला. बिभीषणनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात तिथं जरा जास्तच वेळ राहिला. मोनिका पदर सावरून पाया पडली.

"दोन भाकरी जास्तीच्या टाकल्यात," ती म्हणाली. "सांच्याला खा. खानावळवाल्याला सांगा उद्यापासून."

"किल्ली राहीबाईकडं ठिवतो, मामा," भागवत म्हणाला. "संक्रांतीला फोन करतो. मामा?"

बिभीषणनं पिशवी खिळ्यावरून काढली, चपला पायात सरकवल्या, गाठोड्यांच्या मधून वाट काढली आणि तो बाहेर पडला.